तिरुपतीला दिलेले केस

उपचार संपले की आजार संपतो असं ज्यांना वाटतं, त्यांना कॅन्सर झालेला नसतो. डॉक्टर म्हणतात, आता तीन महिन्यांनी दाखवायला या. घरचे पेढे वाटतात. आणि दुसऱ्या दिवसापासून किस्से सुरू होतात. ते साचत जातात, आमच्या मेसमधल्या झाकण हरवलेल्या डब्यांसारखे. टाकवत नाहीत आणि ठेवायला जागा नाही. तुम्ही बसलाच आहात तर थोडे सांगून टाकते.

मी लातूरला क्लासच्या पोरापोरींची मेस चालवते. पाच वर्षांपूर्वी माझा उजवा स्तन काढला. हे मी असं सरळ सांगते म्हणून आमची नणंद चारचौघांत माझ्या शेजारी बसत नाही. तिचं म्हणणं, नुसतं ‘गाठीचं ऑपरेशन’ म्हणावं. मी म्हटलं, नुसती गाठ काढून बाकीचं परत दिलं असतं तर तसंच म्हटलं असतं. तेव्हापासून ती आमच्याकडे हळदीकुंकवालाही येत नाही, आणि मला त्याचं काडीचं दुःख नाही.

*

आमचा एक ग्रुप आहे. नांदेड-लातूरकडचे, कॅन्सरचे उपचार संपलेले, रोज मोबाइलवर एकमेकांची खबर घेणारे आणि दर रविवारी सकाळी अकराला व्हिडिओ मीटिंगला बसणारे. चालवतात कदम सर. सर पूर्वी एका मोठ्या क्लासमध्ये बॉटनी शिकवायचे. घशाचा कॅन्सर झाला, त्यात आवाज गेला. आता बोलतात ते वाळूत चप्पल घासल्यासारखं. क्लासवाल्यांनी त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला आणि वेळापत्रकातून नाव काढून टाकलं.

आवाज गेला, पण सवय कुठे जाते? सरांनी ग्रुपचं नाव ठेवलं ‘जीवन बॅच ३’. नांदेडचे जब्बारभाई जन्मभर ट्रॅव्हल्सची बस चालवलेला माणूस. त्यांना तोंडाचा कॅन्सर झाला होता, अजूनही तोंड दोन बोटांच्या वर उघडत नाही, पण तेवढ्या फटीतून बरोबर बोलतात. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, “सर, एक आणि दोन नंबरची बॅच कुठं गेली?”

आम्ही सगळे दचकलो. कॅन्सरवाल्यांच्या ग्रुपमध्ये हा प्रश्न कोणी विचारू नये.

सर शांतपणे म्हणाले, “नव्हत्याच. एक नंबरपासून सुरू केलं की लोक ॲडमिशन घेत नाहीत.”

मग हजेरी आली. मग गृहपाठ आला. एकदा सरांनी प्रश्न टाकला: ‘आज तुम्हाला आनंद देणाऱ्या तीन गोष्टी लिहा. (गुण ६)’. जब्बारभाईंनी लिहिलं: एक, चहा. दोन, चहा. तीन, काल नेटवर्क नव्हतं म्हणून मीटिंग झाली नाही ते. सरांनी सहापैकी चार दिले. दुसरा मुद्दा पहिल्याचीच पुनरावृत्ती होता म्हणून दोन कापले.

मी तीन गोष्टी नीट विचार करून लिहिल्या होत्या, मला तीनच मिळाले. का, ते सरांनी आजवर सांगितलेलं नाही.

*

या ग्रुपमध्ये एक काळा चौकोन होता. उदगीरच्या अनुराधाताई. मीटिंगला कधी चुकायच्या नाहीत, पण कॅमेरा कायम बंद आणि नावाच्या जागी नुसतं ‘उदगीर’. दोन वर्षं आम्ही त्या काळ्या चौकोनाशी बोललो. तो चौकोन हसायचा, रडायचा, मध्येच कुकरची शिट्टी वाजली की “थांबा हं” म्हणून उठून जायचा.

त्यांचाही आजार माझ्यासारखाच. उपचार हैदराबादला झाले, कारण तिथे ओळखीचं कोणी भेटणार नव्हतं. घराबाहेर सांगितलं, पित्ताशयात खडे झाले होते. पण खड्यांनी केस जात नाहीत. तेव्हा सांगितलं, नवस होता, तिरुपतीला केस दिले.

उदगीरहून तिरुपतीला जाणारे काय कमी आहेत? कोणाला शंका आली नाही. उलट शेजारणी प्रसादाचा लाडू मागायला दारात उभ्या. ताईंच्या नवऱ्याने हैदराबादच्या मिठाईवाल्याकडून लाडू आणून गल्लीभर वाटले. लोकांनी डोळ्याला लावून खाल्ले आणि यंदाचा लाडू पूर्वीपेक्षा चांगला आहे म्हणाले.

हा सगळा खटाटोप मुलीसाठी. पल्लवी बी. फार्म झालेली, लग्नाची. आईला असला आजार म्हटल्यावर तो मुलीलाही होणार, असं परस्पर ठरवून आपले लोक चहा अर्धा टाकून उठतात. तिरुपतीचं सांगण्याआधीच एक स्थळ नुसत्या कुजबुजीवर परत गेलं होतं. दुसरंही असंच गेलं तर मुलगी आपल्यामुळे घरात राहील, एवढी एकच भीती ताईंना होती. मरणाची सुद्धा इतकी नव्हती.

मी एकदा वैतागून म्हटलं, “अहो, किती दिवस लपवणार?”

ताई म्हणाल्या, “घरात मी बरी झालेली हाय काकू. आजारी फक्त इथंच होता येतंय मला.”

त्यानंतर मी त्यांना तो प्रश्न विचारला नाही.

*

भेटायला येणाऱ्या माणसांवर तर एक स्वतंत्र विषय होईल. येतात, पोहे खातात, आणि प्रत्येकाकडे एक गेलेलं माणूस असतं. “आमच्या जावेला तुमच्यासारखंच झालं होतं हो.” मग काय झालं? “गेली बिचारी.” वर म्हणतात, “तुम्ही मात्र पॉझिटिव्ह राहा,” आणि पोहे अजून थोडे घेतात.

आमच्या ग्रुपमध्ये सुमनबाई आहेत, निलंग्याकडच्या. भूकंपाच्या वेळी नव्या नवरी होत्या, दुसऱ्या दिवशी भिंतीखालून जिवंत काढल्या. नंतर पुनर्वसनाच्या गावात संसार उभा केला आणि पन्नाशीत गर्भाशयाचा कॅन्सर. त्यांच्याकडे गावातल्या एक बाई आल्या आणि आपल्या गेलेल्या सासूची, नणंदेची आणि मावशीची, तिघींची कहाणी शेवटापर्यंत सांगून बसल्या.

सुमनबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “माझं जायाचं आजून ठरलं न्हाई. पन त्यास्नी काय निरोप आसंल तर सांगून ठिवा.”

बाई पोहे टाकून गेल्या. आमच्या ग्रुपमध्ये पोहे टाकून जाणं ही पहिलीच घटना होती. सरांनी सुमनबाईंना त्या आठवड्याचा टॉपर जाहीर केलं.

*

सुमनबाईंचाच अजून एक. कुठल्याशा मोठ्या शहरातल्या संस्थेने आम्हाला एक खोकं पाठवलं होतं. त्यात डायरी, वासाची मेणबत्ती आणि एक केसांचा टोप. टोप तपकिरी, मानेपर्यंत कापलेला. नऊवारी नेसणाऱ्या सुमनबाईंनी तो एकदा डोक्यावर ठेवून आरशात पाहिला आणि सरळ ज्वारीतल्या बुजगावण्याला घातला. “पाखरं यायची थांबली,” म्हणाल्या, “पन मोटारसायकलवाले थांबून बघायलेत.”

त्याच संस्थेने मीटिंगला एक समुपदेशक मुलगी दिली. बोलणं गोड, ऐकण्यासाठी कानात बिनवायरचे पांढरे खडे घातल्यासारखं काहीतरी. तिने एकेकाला विचारलं, “आज तुमचं मन एक ते दहामध्ये कुठे आहे?” जब्बारभाई म्हणाले, “गिअर चारच असतात ताई, रिव्हर्स धरून पाच.” सुमनबाईंची पाळी आली.

त्या म्हणाल्या, “बाई, भूकंप झाला तवाबी लोक आकडाच सांगत हुते. रेडिओवर आकडा, पेपरात आकडा. मी भिताडाखाली हुते, मला तहान लागलीया का कुनी इचारलं न्हाई. मंग टरकातनं कापडं आली, त्यात कोट आन टाय. आमच्या सासऱ्यानं टायनं वासरू बांधलं. तुमचा टोपबी तसाच हाय. चांगला हाय, पन मागितला कुनी हुता?”

मुलीने मान हलवून वहीत काहीतरी लिहून घेतलं. आम्हाला वाटलं, समजलं हिला. दोन दिवसांनी तिचा अहवाल सरांकडे आला. त्यात लिहिलं होतं: सुमनबाई, ७.

*

मग अनुराधाताईंच्या पल्लवीला नांदेडचं स्थळ आलं. मुलगा सरकारी दवाखान्यात औषधं देणारा, घर चांगलं, धाकटी बहीण लातूरला नीटच्या क्लासला. सगळं जुळत होतं. फक्त मुलाची आई फार चौकस आहे, अशी खबर होती. फोनवरच तिने दोनदा विचारलं होतं, “तुम्ही तिरुपतीला कधी गेला होता?”

ताईंचं धाबं दणाणलं. जन्मात तिरुपती पाहिलेली नव्हती. मीटिंगमध्ये रडायलाच लागल्या.

कदम सरांच्या घशात अचानक बळ आलं. म्हणाले, “रडायचं नाही. अजून आठ दिवस आहेत. प्रश्नपेढी काढू.”

आणि काढली. संभाव्य प्रश्न, तिरुपती, एकूण पंचवीस. कोणत्या गाडीने गेलात, दर्शनाला किती वेळ लागला, केस कुठे देतात, ब्लेड कोण देतं. प्रश्न झाले, पण उत्तरं कोणाला येत होती? सर स्वतः नास्तिक, मला मेस सोडून शिर्डीला जायला झालेलं नाही, आणि सुमनबाई माहूरच्या पलीकडे गेलेल्या नाहीत.

तेव्हा जब्बारभाईंनी गळा साफ केला. “मी चारशे वेळा गेलोय.”

नांदेड ते तिरुपती ट्रॅव्हल्स वीस वर्षं त्यांनीच नेली होती. मग आठ दिवस रोज दुपारी चारला आमच्या जब्बारभाईंनी अनुराधाताईंना बालाजी शिकवला. कल्याणकट्टा म्हणजे केस देण्याची जागा, तिथे टोकन मिळतं, अर्धं ब्लेड मिळतं, नंतर डोक्याला चंदन लावतात, वर थंडी वाजते. तोंडी परीक्षाही घेतली. जब्बारभाई मुलाची आई व्हायचे, आवाज बारीक करून विचारायचे, “काय हो विहीणबाई, लाडू किती मिळाले?” ताई हसायच्या आणि उत्तर विसरायच्या. सर गुण कापायचे.

इतकं करून कार्यक्रमाच्या दिवशी काय झालं? ताईंनी त्या संध्याकाळी आम्हाला सांगितलं. मुलाची आई डोक्यावरचा पदर जराही ढळू न देता दोन तास बसून होती. काही खाल्लं नाही, नुसतं ताक घेतलं. पंचवीसपैकी एकही प्रश्न विचारला नाही. निघताना मात्र ताईंना आत स्वयंपाकघरात गाठून हळूच म्हणाली, “केस परत यायला किती दिवस लागले हो तुम्हाला?”

हा प्रश्न सिलॅबसमध्ये नव्हता. ताई म्हणाल्या, “बालाजीची इच्छा,” आणि कपबशा विसळायला लागल्या.

संशय आला तिला, असं आम्ही सगळ्यांनी एकमताने ठरवलं. पण चार दिवसांनी होकार आला, सुपारी फुटली, मे महिन्यातली तारीख निघाली. आम्ही त्या बाईला महिनाभर नावं ठेवली. काय ती ऐट, काय तो पदर, दुसऱ्याच्या घरी घास खायला सुद्धा हिला कमीपणा वाटतो! मी तर म्हटलं, पल्लवीची सासू तिला चाळणीने चाळणार. मला अशा बाया लांबून ओळखू येतात.

*

आता कदम सरांनी जे केलं ते लातूरच्या माणसाशिवाय कोणी करू शकलं नसतं.

ग्रुपला तीन वर्षं झाली. सरांना वाटलं, निकाल लागलाय आणि आपण गप्प कसं बसायचं? त्यांनी फ्लेक्स छापला. क्लासवाल्यांच्या चौकात, जिथे नव्व्याण्णव टक्के मिळवून हसणाऱ्या टॉपरांचे फोटो असतात, तिथे आमचा. वर ‘हार्दिक अभिनंदन! जीवन बॅच ३ ची उज्ज्वल यशाची परंपरा’. खाली आमचे गोल गोल फोटो, प्रत्येकाखाली नाव, गाव, कॅन्सर कुठला, स्टेज कोणती, किती वर्षं झाली, आणि त्यावरून क्रमांक. सगळ्यात खाली ‘प्रवेश सुरू’ आणि सरांचा मोबाइल नंबर.

खरं सांगते, तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला आनंद झाला. माझा फोटो फार छान आला होता. मी पाच मिनिटं रस्त्यात उभी राहून स्वतःलाच पाहत होते. मग बाजूचा फोटो पाहिला. ‘सौ. अनुराधा, उदगीर. स्तन. स्टेज २. दुसरा क्रमांक.’

ताईंनी तो फोटो प्रवेश अर्जासाठी फक्त सरांना पाठवलेला होता.

मी तिथूनच सरांना फोन लावला. काय काय बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. सर एवढंच म्हणाले, “टॉपरला विचारून कुठे फोटो लावतात काकू? टॉपर नाही म्हणत नाही कधी.” ते खोटं बोलत नव्हते. त्या माणसाच्या डोक्यात दुसरं काही येऊच शकत नव्हतं, आणि माझा संताप त्याचाच होता. आयुष्यभर पोरांचे चेहरे खांबावर टांगले, आणि एखाद्याला तो चेहरा लपवायचा असेल हे शिकवायला मधे एक कॅन्सरही कमी पडला.

सर भर दुपारी स्वतः शिडी घेऊन आले आणि फ्लेक्स उतरवला. पण दोन दिवस तो तिथे होता. आणि मुलाची धाकटी बहीण त्याच चौकातून रोज क्लासला जायची. तिने फ्लेक्सचा फोटो काढून घरी पाठवला, खाली लिहिलं: ‘आई, वहिनीच्या आईचा नंबर आलाय. कशात ते कळलं नाही.’

नांदेडहून फोन यायचे बंद झाले. पत्रिका छापायला द्यायची होती, ती राहिली. अनुराधाताईंच्या नवऱ्याने दोनदा फोन केला, तिकडून “आई झोपलीय” एवढंच उत्तर. ताई ग्रुपमधून बाहेर पडल्या. कोणाचा फोन घेईनात. मला पहिल्यांदा असं वाटलं की आपण एकमेकांना आधार देतो म्हणतो ते सगळं थोतांड आहे, आपणच त्या पोरीचं लग्न मोडलं. तो फ्लेक्स मी माझ्या सिलिंडरवर झाकायला घेतला, चेहरे आतल्या बाजूला करून.

*

रविवारी मीटिंग होती. मी बोलून बोलून अनुराधाताईंना एकदाच यायला तयार केलं. आल्या. तोच काळा चौकोन. म्हणाल्या, “सरांवर माझा राग न्हाई. पण पल्लवी दोन दिवस जेवलेली न्हाई. मी शेवटचं बोलायला आले.”

सरांनी हजेरीही घेतली नव्हती. जब्बारभाई टोपी काढून बसले होते, आणि सुमनबाई पदराने मोबाइलची काच पुसत होत्या.

तेवढ्यात एक नवीन चौकोन आला. काळा. नावाच्या जागी ‘नांदेड’. सरांनी खरखरत्या आवाजात सांगितलं, “नवीन ॲडमिशन आहे. फ्लेक्सवरचा नंबर बघून आलेल्या आहेत.” मी मनात म्हटलं, या माणसाला आज तरी ॲडमिशन घेऊ नये एवढं कळू नये? सर म्हणाले, “ताई, परिचय द्या. नाव, गाव, स्टेज.”

मग कॅमेरा सुरू झाला. पलंगावर बसलेली एक बाई, डोक्यावर पदर कपाळापर्यंत ओढलेला. आम्ही कोणी तिला ओळखलं नाही. आम्ही तिला नुसती नावं ठेवली होती, अनुराधाताई सोडल्या तर पाहिलेलं कोणीच नव्हतं.

तिने पदर मागे घेतला. डोक्यावर एक केस नव्हता.

तेव्हा दोन वर्षांत पहिल्यांदा ‘उदगीर’चा कॅमेरा सुरू झाला. आखूड, कुरळे, नुकते खांद्याकडे निघालेले केस असलेली एक बाई तोंडावर हात धरून बसलेली दिसली.

नांदेडच्या बाई तिच्याकडे बघून म्हणाल्या, “त्या दिवशी स्वयंपाकघरात विचारलं तर तुम्ही बालाजीवर ढकललं विहीणबाई. आता खरं सांगा, केस यायला किती दिवस लागतात? लग्नाच्या फोटोपर्यंत येतील का?”